एका ‘किंवा’ची किंमत

संसद किती बिलं पास करते ते मोजू नका. कायदा शब्द न् शब्द वाचा. १९९६ चा पेसा घ्या. अनुसूचित क्षेत्रात प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी ‘किंवा’ योग्य स्तरावरच्या पंचायतीशी सल्लामसलत करा, म्हणतो. संमती नाही, नुसती सल्लामसलत! आणि त्या ‘किंवा’तून गाव टाळायची वाट मोकळी. महाराष्ट्राचे नियम यायला २०१४ उजाडलं. बोईसरवरून जाणाऱ्या बुलेट ट्रेनविरुद्ध पालघर जिल्ह्यातल्या कित्येक ग्रामसभांनी ठराव केले. ठराव फायलीत राहिले, जमिनी गेल्या. हिंदू कोड बिल रखडवलं, तेव्हा १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद फेकलं. आपला खासदार या एका शब्दासाठी तरी उभा राहील का? मत मागायला आला की विचारा.