दुभंगलेले मन आणि पूर्ण पात्र : ‘लाजवंती’च्या निमित्ताने

एखादे पात्र ‘पूर्ण’ उतरले आहे, असे परीक्षणात सहज लिहिले जाते. बहुधा त्याचा अर्थ एवढाच असतो की पात्र सुसंगत वागते आणि शेवटी त्याच्या मनाला शांती लाभते. पण अंतर्विरोध नसलेले पात्र पूर्ण म्हणावे का? आम्हांला तसे वाटत नाही. राजिंदरसिंह बेदी (१९१५-१९८४) यांची ‘लाजवंती’ ही उर्दू कथा या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार उपयोगी पडते.

कथा १९४७ च्या फाळणीनंतरची आहे. पळवून नेलेल्या स्त्रियांना घरात आणि मनात पुन्हा जागा द्या, असा प्रचार करणाऱ्या मोहल्ल्यातील समितीचा सुंदरलाल हा सेक्रेटरी. त्याची स्वतःची बायको लाजोही पळवली गेली आहे. पूर्वी तो तिला बेदम मारीत असे. आता त्याला त्याचा पश्चात्ताप होतो. पुढे लाजो परत येते, तो तिला घरात घेतो, हात उगारीत नाही, तिला ‘देवी’ म्हणतो. वरवर पाहता माणूस सुधारला आणि कथा संपली!

पण बेदी इथे थांबत नाहीत. परतलेल्या लाजोची तब्येत सुधारलेली दिसताच सुंदरलालच्या मनात शंकेचा काटा रुततो. लाजोला आपली सारी हकीकत सांगायची असते. तो जुजबी दोन-चार प्रश्न विचारतो आणि झाले गेले विसरून जा म्हणून तिला गप्प करतो. तिला देवी व्हायचे नाही. भांडणारी, रुसणारी, जुनी लाजोच व्हायचे आहे. ती घरात नांदते, पण आतून उजाड होते.

कुरआनात नफ्सच्या तीन अवस्था आल्या आहेत : वाईटाकडे ओढणारा अम्मारा, स्वतःलाच दोष देणारा लव्वामा आणि शांत झालेला मुत्मइन्ना. सूरह कियामाच्या आरंभी शपथ आहे ती लव्वामाची. बेदींनी या परिभाषेतून कथा लिहिली असे आम्ही म्हणत नाही. मात्र तिच्या उजेडात सुंदरलाल स्पष्ट दिसतो. त्याचा पश्चात्ताप खरा आहे. पण लाजोचे ऐकून घेण्याची वेळ येते तेव्हा तो लव्वामाची वाट अर्ध्यावर सोडतो आणि एकदम मुत्मइन्ना झाल्यासारखा वागू लागतो. त्याची शांती लाजोच्या मौनावर उभी आहे. तो अपूर्ण माणूस आहे, आणि म्हणूनच पात्र म्हणून पूर्ण आहे.

सआदत हसन मंटोंचा बिशनसिंग याच्या अगदी उलट. ‘टोबा टेकसिंह’मधला हा लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण पंधरा वर्षे उभाच आहे. जगाच्या दृष्टीने तो वेडा. पण आपले गाव कुठे, या एकाच प्रश्नाशी तो अखेरपर्यंत इमान राखतो. शेवटी दोन देशांच्या तारांमधल्या कुणाच्याही नसलेल्या जमिनीवर तो कोसळतो. सुंदरलाल शहाणा असून आतून दुभंगलेला. बिशनसिंग वेडा असून एकसंध. दुभंगलेली आहे ती त्याच्या भोवतालची भूमी.

हे आपल्या लेखनाच्या संदर्भात सांगणे आवश्यक वाटते. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या माणसांच्या कथा आपणच लिहाव्यात ही जाणीव वाढत गेली. मराठी साहित्यात मुसलमान पात्र बऱ्याचदा खलनायक तरी असते, नाहीतर जीव ओवाळून टाकणारा नेक दोस्त. त्याला उत्तर म्हणून आपल्यापैकी अनेकांनी आदर्श पात्रे रंगविली : पाबंद नमाजी बाप, सोशीक अम्मी, समाजसुधारक तरुण. हेतू चांगला, पण या पात्रांना रात्री झोप न येण्याचे कारणच नसते. आपली बाजू मांडणारा वकील आणि आपली माणसे जिवंत करणारा कथाकार यांत फरक आहे. बदनामीच्या भीतीने आपण आपल्या पात्रांना ‘देवी’ करतो, तेव्हा सुंदरलालने लाजोचे जे केले तेच करीत असतो.

तलाक झालेली बहीण घरी परतते, भाऊ तिला मायेने ठेवून घेतो आणि तिचे म्हणणे मात्र कधीच ऐकत नाही. असा भाऊ आपल्या मोहल्ल्यात आहे. आपल्या कथेत तो कधी येणार?