ब्लाइथडेल : एका स्वप्नाचा जमाखर्च

समविचारी माणसांनी एकत्र येऊन श्रमाची व अन्नाची वाटणी करावी, हा विचार जितका जुना तितकाच मोहक आहे. त्याची कसोटी पाहणाऱ्या साहित्यकृतींत नॅथॅनिएल हॉथॉर्न यांच्या ‘द ब्लाइथडेल रोमान्स’ (१८५२) या कादंबरीस आम्ही वरचे स्थान देतो.

कादंबरीमागे प्रत्यक्ष अनुभव आहे. १८४१ साली जॉर्ज रिप्ली यांनी धर्मोपदेशकाचे पद सोडून बॉस्टनजवळ ‘ब्रूक फार्म’ ही वसाहत वसविली. पाचशे डॉलरांचा एक, असे दोन भाग घेऊन हॉथॉर्न तेथे गेले. दिवसभर खत उपसल्यावर लेखणी चालेना; त्याच वर्षी ते परतले आणि पुढे आपल्या पैशासाठी त्यांनी दावाही लावला. असा लेखक केवळ उपहास करील, अशी वाचकाची अपेक्षा असणार. हॉथॉर्न तसे करीत नाहीत, हा त्यांचा पहिला गुण.

निवेदक कव्हरडेल हा कवी आहे. पहिल्याच रात्री अनुभवी शेतकरी सायलस फॉस्टर डुकरे खरेदी करण्याची गोष्ट काढतो. बाजारात टिकावयाचे तर शेजारच्या माळ्यांवर मात करावी लागणार! स्पर्धा टाकून आलेल्यांनी बंधुत्वाचा आरंभ नव्या वैराने करावा, हा विरोध लेखकाने किती सहजतेने टिपला आहे! पुढे हॉलिंग्सवर्थ गुन्हेगारांच्या सुधारणेचा ध्यास घेऊन वसाहतीचीच भूमी त्यासाठी हेरतो, आणि साथ नाकारणाऱ्या मित्रास दूर करतो. तेजस्वी झिनोबिया त्याच्या पायी नदीत जीव देते. स्वार्थापेक्षा एकांगी परोपकारही कधी अधिक निर्दय असतो, हे येथे पटते. आणि कव्हरडेल? तो कुदळ धरतो खरा. परंतु झाडावर, द्राक्षवेलींच्या आड बसून सोबत्यांना न्याहाळण्यातच त्याचे मन रमते. सहजीवनास असा प्रेक्षकही विरोधकाइतकाच मारक होय.

तथापि एक उणीव आम्हांस जाणवते. कथा चार व्यक्तींच्या प्रेमद्वेषात गुरफटते आणि वसाहतीचा नित्य व्यवहार मागे पडतो. ब्रूक फार्मला मोठा आधार होता तो तेथील शाळेचा. कादंबरीत तिला स्थान नाही. १८४४ पासून त्या मंडळींनी फूरिये या फ्रेंच विचारवंताची योजना स्वीकारली. मोठी सामायिक इमारत उभी राहत असतानाच मार्च १८४६ मध्ये जळाली. तिचा विमा नव्हता. कर्ज होतेच, १८४७ साली सारे आटोपले. म्हणजे ध्येय केवळ स्वभावदोषांनी बुडाले नाही, वहीखात्यानेही बुडविले. ती वही हॉथॉर्न उघडीत नाहीत. त्यामुळे अपयशाचे अर्धेच कारण वाचकाच्या हाती येते.

मात्र, अखेरीस प्रौढ कव्हरडेल मूळ कल्पना खरी होती असेच मानतो. अपयश पाहूनही ध्येयास खोटे न म्हणण्याचा हा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे, आणि त्यासाठीच ही कादंबरी अवश्य वाचावी.