खर्ज, जातं आणि राहुल राम यांचा बेस

मंडळी, सुरुवात तंबोऱ्यापासून करतो. विषयात ‘बेस गिटार’ असं वाचून मागच्या रांगेतले दोन-तीन जण उठायच्या तयारीत दिसतात, ते जरा टेकतील. (हशा)

तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, आणि शेवटची ती जाड पितळी, खर्जाची. तंबोरा नीट जुळला की कोणी न छेडलेला गांधार ऐकू यायला लागतो. आपले गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. त्यात चमत्कार काही नाही. खर्जाच्या स्वराच्या पोटात पाचपट कंपनांचा एक अंश असतो, तो कानाला सापडतो. म्हणजे खालच्या स्वरानं वरचा स्वर दिला.

आता हेच उलट्या बाजूनं पाहा. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. हे व्याख्यान तुमच्यापैकी पुष्कळजण पुढे मोबाइलवर ऐकणार आहेत. त्या एवढ्याशा स्पीकरमधून ४१चा स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरी तो ऐकल्यासारखा वाटतो! कारण ८२, १२३, १६४ हे वरचे अंश कानापर्यंत येतात आणि त्यांच्यावरून मेंदू मूळ स्वर भरून काढतो. धूर दिसला, म्हणून पर्वतावर अग्नी. माझे नैयायिक मित्र म्हणतील, सर, हे अनुमान नव्हे, हा भ्रम आहे. इथं व्याप्तीचा विचार केला कोणी? त्यांचंही खरं असेल. माझा मुद्दा एवढाच, की बेस वाजवणाऱ्याचा स्वर बहुतेकांनी प्रत्यक्ष ऐकलेलाच नसतो. त्याचं असणं आपण गृहीत धरतो. आणि जे गृहीत धरलं जातं त्याची समीक्षा कोणी करत नाही, फार तर कौतुक होतं.

कौतुक कसं, तेही ठरलेलं. ‘बिचारा मागे उभा राहून सगळ्यांना आधार देतो.’ या वाक्याचा मला राग आहे. अमेरिकेत मोटाऊन नावाच्या रेकॉर्ड कंपनीच्या किती गाण्यांखाली जेम्स जेमरसन या माणसाची बोटं होती. पण १९७१ सालच्या मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत त्याचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर आलं नव्हतं. बीटल्समध्ये १९६१ साली स्टुअर्ट सटक्लिफ बाहेर पडला, आणि कोणालाच नको असलेला बेस पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडला. आपल्याकडे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातल्या वादकांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आधार देणाऱ्याचं मोठेपण त्याच्या गप्प बसण्यात आहे, असं आपण ठरवून टाकलं. बाकीच्यांची सोय झाली.

या समजुतीला छेद देणारा आपल्या देशातला माणूस म्हणून मी आज राहुल राम यांच्याकडे पाहणार आहे. ‘इंडियन ओशन’ हा दिल्लीचा बँड. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९०च्या सुमारास तो सुरू केला, राहुल राम लवकरच त्यात आले, पुढे ड्रम्सवर अमित किलाम. तुमच्यातल्या अनेकांना ‘ब्लॅक फ्रायडे’ चित्रपटातलं ‘बंदे’ माहीत असेल, पीयूष मिश्रांनी लिहिलेलं. राहुल राम हे शिक्षणानं शास्त्रज्ञ. कॉर्नेल विद्यापीठाची पर्यावरणीय विषशास्त्रातली डॉक्टरेट. परत आले आणि नर्मदा बचाव आंदोलनात गेले. नर्मदेचं खोरं म्हटलं की आपल्याला मध्य प्रदेश, गुजरात आठवतात. पण सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या यादीत आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं होती. मणिबेली त्यातलंच. त्या खोऱ्यातून येताना या माणसानं गाणी आणली. ‘माँ रेवा’ हे त्यातलं एक, २०००च्या ‘कंडिसा’ या ध्वनिमुद्रिकेत आहे.

‘माँ रेवा’ आपण शेवटी ऐकणार आहोत, त्यामुळे काय ऐकायचं ते आधी सांगतो. नेहमीच्या रॉक संगीतात गिटार कॉर्ड धरतं, म्हणजे तीन-चार स्वरांचा जुडगा, आणि त्यातला सर्वांत खालचा स्वर कोणता हे बेस सांगतो. गवंड्यानं पाया घालावा तसं. इंडियन ओशनचं तसं नाही. सुस्मित सेन यांची गिटार कॉर्डांचा ढीग रचत नाही, एकेक स्वर घेत फिरते, षड्ज धरून. कॉर्ड बदलत नाहीत, तर बेसनं कुठं जायचं? कोणी सांगणाराच नाही. मग राहुल राम काय करतात? एक छोटीशी ओळ बांधतात, चार पावलांची म्हणा, आणि ती फिरवत ठेवतात. ती नुसता ठेका नाही, चाल आहे. गाण्याचे शब्द विसरलात तरी गुणगुणता येईल अशी. आणि ती ओळ फिरवता फिरवता, त्याच क्षणी, ते गात असतात.

शैली कशाला म्हणायची, यावर आम्ही प्राध्यापक लोकांनी बरेच कागद काळे केलेत. मला आता वाटतं, वादकाची शैली बघायची तर तो काय वाजवत नाही ते आधी बघावं. राहुल राम यांच्या बोटांना अलंकार येत नाहीत अशातला भाग नाही. पण गळा मोकळा सोडायचा तर हाताला रोजचं, सवयीचं काम द्यावं लागतं. हातातली ओळ फार गुंतागुंतीची झाली की गळा अडतो, आणि गळ्यानं मुरक्या घ्यायला सुरुवात केली की हात चुकतो. म्हणून दोन्ही साधं राहतं. ही साधेपणाची हौस नाही, नुसती शरीराची अट आहे, आणि तिच्यातून जे निघालं त्याला मी शैली म्हणतो.

इथं मुळशीत बसून मला ही गोष्ट नवी वाटत नाही. आपल्या याच डोंगरातल्या बायकांनी ती शतकानुशतकं केली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली ती पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतून, आणि त्यांच्या कामात मुळशीच्या गावांचा वाटा मोठा. पुढे तो संग्रह लाखाच्या वर गेला. आता ‘परी’च्या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकायलाही मिळतात. जरूर ऐका, पण शब्दांकडे क्षणभर दुर्लक्ष करून ऐका. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, आणि त्यातून निघणारी घरघर. हा खर्ज! तो कोण वाजवतं? जी गाते तीच. एका हातानं खुंटा ओढायचा, दुसऱ्यानं मूठभर दाणे वैरायचे, आणि ओवी म्हणायची. ओळ कुठं तुटणार, मध्ये ‘बाई’ कुठं येणार, श्वास कुठं घेणार, यात दगडाच्या फेऱ्याचा वाटा आहे. कोणी साथीला बसलेलं नाही. आधार तिचा, आवाजही तिचाच.

आपण ओव्यांचे अर्थ लावले, त्यांतल्या सीता-सावित्रीवर प्रबंध लिहिले, आणि घरघर ‘मागचा आवाज’ म्हणून सोडून दिली. बेसवाल्याच्या बाबतीत तेच करतो.

आता बँडच्या रचनेकडे येतो, कारण वादकाची भूमिका एकट्याची नसते. इंडियन ओशनच्या त्या चौघांत ‘गायक’ नावाचा वेगळा माणूसच नव्हता. मुख्य आवाज दोन. एक राहुल राम, त्यांच्या हातात बेस. दुसरे असीम चक्रवर्ती, त्यांच्या हातात तबला. दोघांचेही हात कामात. गाणं पुढे उभ्या असलेल्या माणसाकडून येत नव्हतं, ते ठेका आणि खर्ज जिथून येतात त्याच जागेवरून येत होतं. राहुल राम यांचा आवाज उघडा, हाक मारल्यासारखा. असीम यांचा आतल्या बाजूचा, थोडा ओला. ‘कंडिसा’ हे शीर्षकगीत म्हणजे केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांची प्राचीन सिरियाक प्रार्थना. आपल्यापैकी कोणालाही त्यातला शब्द कळत नाही, तरी ते परकं वाटत नाही. याचं बरंचसं श्रेय मी या रचनेला देतो.

२५ डिसेंबर २००९ला असीम चक्रवर्ती गेले. २०१३मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले. तबल्याला तुहीन चक्रवर्ती आले, गायला हिमांशू जोशी, गिटारला निखिल राव. तिघंही गुणी. पण हात मोकळे असलेला गायक पहिल्यांदाच मंचावर आला. २०१४ची ‘तंदानू’ ऐका. तीत शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट असे मोठे पाहुणे आहेत. पाहुणे आले की यजमानाला अदबीनं वागावं लागतं. बेस तिथं पाट मांडतो, पाणी देतो, नीट वाढतो. वादनात खोट काढता येणार नाही. मला मात्र त्यात ती फिरती, हट्टी ओळ कमी सापडली. काहीजण म्हणतील, म्हाताऱ्याला जुनंच आवडतं. असेलही. पण माझं म्हणणं जुन्या-नव्याचं नाही. हात आणि गळा वेगळे झाल्यावर काय होतं, त्याचं आहे.

आणखी एक तक्रार, प्रेमापोटी. राहुल राम मंचावर बोलतात फार. ते विनोदी आहेत, राजकीय समज पक्की आहे. वरुण ग्रोव्हर आणि संजय राजौरा यांच्याबरोबरच्या ‘ऐसी तैसी डेमोक्रसी’त शब्द पुढे असतो, तिथं ते शोभतंच. पण नदीच्या गाण्याआधी नदीची सगळी कैफियत ऐकवली, की त्या चार पावलांना सांगायला उरतं काय? सात मिनिटं गोल फिरणारी ओळ जे करते त्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास कमी पडतो, असं मला अशा वेळी वाटतं.

आता तुम्ही विचाराल म्हणून आधीच बोलतो. इलेक्ट्रिक बेस, लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेला, विजेशिवाय मुका आहे. आणि वीज कुठून येते हे मुळशीकरांना कोणी शिकवायला नको. १६ एप्रिल १९२१ला रामनवमीच्या दिवशी सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासोबत इथले मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. सत्याग्रह १९२४पर्यंत चालला, मोडला. पाणी कोकणात भिऱ्याला उतरलं, १९२७पासून तिथली वीज मुंबईला गेली. मग धरणाला विरोध करणाऱ्यानं विजेचं वाद्य वाजवावं, ही विसंगती नाही का? मी ती नाकारत नाही. पण जातंही विजेनंच थांबवलं, गिरणीच्या पट्ट्यानं. पहाटे उठून पुन्हा खुंटा ओढा असं आज कोणत्या बाईला सांगाल? मी तरी सांगणार नाही, माझ्या आईनं तो ओढलेला आहे. त्या बायकांचे हात सुटले ते चांगलंच झालं. आणि त्या दिवसापासून ओवीखालचा खर्ज गेला, हेही तितकंच खरं. ही दोन वाक्यं मला एकमेकांत मिसळता आलेली नाहीत. ‘माँ रेवा’मध्ये, विजेच्याच तारेवर, ती दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात, म्हणून मी त्या गाण्याकडे परत परत जातो.

चला, लावा ते. मोबाइलवर नको, त्या मोठ्या स्पीकरवर लावा. आणि सुरुवातीला आवाज कमी वाटला तरी कोणी वाढवू नका.