कोकणचा खडकाळ किनारा : ‘कठीण खडक’ या गृहीतकाची चिकित्सा

महाविद्यालयीन भूरूपशास्त्राच्या अध्यापनात कोकण किनाऱ्याचे वर्णन बहुधा एका ठरावीक विधानाने सुरू होते : हा किनारा खडकाळ व दंतुर आहे, खडक कठीण असल्याने त्याची झीज मंद गतीने होते. विधानाचा पहिला भाग निर्विवाद आहे. दुसरा भाग मात्र तपासून पाहावा लागतो. कारण त्यात खडकाचा कठीणपणा आणि त्याची प्रतिकारक्षमता या दोन भिन्न गोष्टी एकच मानल्या गेल्या आहेत.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांपासून बनलेला बेसाल्ट हातात घेतला असता निश्चितच कणखर वाटतो. परंतु लाट हातातल्या नमुन्यावर आदळत नाही. ती संधी व भेगांनी छेदलेल्या खडकराशीवर आदळते. भेगेत कोंडलेली हवा लाटेसरशी दाबली जाते, लाट ओसरताच प्रसरण पावते आणि ठोकळेच्या ठोकळे सुटे होतात. दोन प्रवाहांमध्ये तांबड्या मातीचा थर असल्यास तो त्याहून आधी पोखरला जातो. हरिहरेश्वर येथे प्रदक्षिणेच्या वाटेवर तरंगघर्षित मंच, कड्याच्या पायथ्याची खाच आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खडकावरील जाळी एकत्र पाहावयास मिळते. यांपैकी जाळी हे प्रामुख्याने लाटेच्या माऱ्याचे कार्य नव्हे. तुषारांतील क्षारांचे स्फटिक खडकाच्या छिद्रांत वाढल्याने ती निर्माण होते. क्षेत्रभेटीच्या अहवालात या तिन्हींची नोंद ‘लाटांचे खननकार्य’ या एकाच शीर्षकाखाली करणे ही किरकोळ चूक नव्हे.

जांभ्याच्या कड्यांबाबत तर हे गृहीतक टिकतच नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सड्याच्या पृष्ठभागी कठीण कवच आणि त्याखाली पांढरट-गुलाबी मऊ मातीचा थर अशी रचना अनेक ठिकाणी आढळते. वर्षाला ३००० मि.मी.च्या आसपास पडणाऱ्या पावसाचे पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपते, मातीपाशी अडते व कड्याच्या दर्शनी बाजूने पाझरते. खालचा थर असा आतून भिजतो, बाहेरून लाटांनी पोखरला जातो. कवच जितके भक्कम, तितका मोठा भाग अधांतरी तग धरतो आणि अखेर एकदम कोसळतो. कठीणपणा येथे झीज थांबवीत नाही, तिचे स्वरूप बदलतो. पायथ्याशी रचलेला दगडी बंधारा लाट अडवील. जमिनीकडून येणाऱ्या पाण्याचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

त्सुगुओ सुनामुरा यांनी खडकाळ किनाऱ्यांवरील १९९२च्या ग्रंथात लाटेचा मारा व खडकाचा प्रतिकार यांची तुलना मांडली. त्यांच्या विवेचनात भेगा व विदारण हे प्रतिकाराचेच घटक आहेत. आपल्याकडील वर्गीकरणे मात्र किनारारेषेच्या सरकण्यावर आधारलेली आहेत. १९९० ते २०१८ या काळाच्या राष्ट्रीय आढाव्यात देशाच्या किनाऱ्याचा ३३.६ टक्के भाग क्षरणग्रस्त ठरला. पुळणींची हानी अशा मोजणीत दिसते. पोखरलेला, पण अद्याप न कोसळलेला कडा मात्र ‘स्थिर’ या वर्गात जाऊ शकतो, आणि त्याच्या माथ्यावरील बांधकामाला तो शब्द पुरेसा आधार वाटू शकतो.

प्रात्यक्षिकाच्या वहीत खडकाच्या नावाबरोबर संधींमधील अंतर, पायथ्याच्या खाचेची खोली व पावसाळ्यानंतरचे पाझर यांसाठी तीन रकाने वाढविणे अवघड नाही. त्यासाठी मोजपट्टी पुरते. फक्त क्षेत्रभेट जानेवारीऐवजी ऑक्टोबरात न्यावी लागेल.