मोजक्यांवर जडलेला जीव

खासगी संग्रहाचं प्रदर्शन पाहताना चित्रांबरोबर ती निवडणाऱ्याची नजरही पाहायला मिळते. बर्लिनमधलं बेर्गग्रून संग्रहालय 2022 मध्ये नूतनीकरणासाठी बंद झालं आणि तिथली चित्रं दौऱ्यावर निघाली. टोकियो, ओसाका, शांघाय, बीजिंग, व्हेनिस, पॅरिस. शहरं बदलली, दालनं बदलली, तरी संग्रहाचा चेहरा हरवला नाही, कारण हाइन्त्स बेर्गग्रून यांना प्रत्येक कलाचळवळीचा एकेक नमुना गोळा करण्याचा सोस नव्हता. पिकासो, क्ले, मातिस आणि जाकोमेत्ती या चौघांवर त्यांचा जीव जडला होता. ते पुन्हा पुन्हा त्यांच्याकडेच वळत राहिले.

या निष्ठेचं फळ पिकासोच्या दोन चित्रांत दिसतं. दोन्हींत एकच स्त्री आहे, छायाचित्रकार डोरा मार. 1936 च्या चित्रात ती गालाशी हात नेऊन बसली आहे. चेहरा ओळखू येतो, नजर स्थिर आहे. सगळा खट्याळपणा हिरव्या रंगवलेल्या नखांत एकवटला आहे. तेवढा रंग झळकला की तिच्या शांतपणाला धार येते. दुसरं चित्र 31 ऑक्टोबर 1939 चं, रॉयाँ या फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या गावातलं. युद्ध सुरू होऊन दोन महिने होत आले होते. आता तीच डोरा खुर्चीत बसली आहे, पण नाक एका बाजूला वळलंय, डोळे मात्र आपल्याकडे रोखलेले. बोटांचे पंजे झाले आहेत. अंगातला पिवळा स्वेटर दोर वळून विणावा तसा जाड पट्ट्यांनी रंगवलाय. लोकरीची ऊब त्यात उरलेली नाही, जणू अंगाभोवती पिंजरा घातला आहे. तरीही तो पिवळा रंग विलक्षण देखणा आहे. भय दाखवताना पिकासो रंगाचा आनंद सोडत नाही आणि त्यामुळेच ते भय जास्त जवळ येतं. दोन्ही चित्रं एका संग्रहात असल्याने तीन वर्षांत युरोपचं काय झालं हे एका स्त्रीच्या हातांवरून वाचता येतं.

बेर्गग्रून यांचा जन्म 1914 चा, बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबातला. 1936 मध्ये त्यांना जर्मनी सोडून अमेरिका गाठावी लागली. 1940 मध्ये त्यांनी शंभर डॉलरला पाउल क्लेचं एक जलरंगचित्र घेतलं. त्यांच्या संग्रहाची ती सुरुवात. क्लेलाही नाझींनी 1933 मध्ये ड्युसेलडॉर्फच्या अकादमीतून काढलं होतं. 1937 च्या ‘विकृत कला’ प्रदर्शनात त्याची चित्रं हेटाळणीसाठी टांगली होती. पुढे 1984 मध्ये बेर्गग्रून यांनी क्लेच्या 90 कलाकृती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकल्या, आणि नंतर बर्लिनसाठी पुन्हा क्ले जमवला. क्लेची चित्रं लहान असतात. लांबून ती नुसते रंगीत तुकडे वाटतात. जवळ गेलं की रेषेचा सूक्ष्म कंप दिसू लागतो. पिकासोच्या दालनातून आलेल्या प्रेक्षकाला इथे पावलं आवरावी लागतात. पाहण्याची गती बदलायला लावणं हा या संग्रहाचा मोठा गुण.

मातिसची 1952 ची ‘दोरीवरच्या उड्या मारणारी’ या गतीला पुन्हा मोकळं करते. 1941 च्या शस्त्रक्रियेनंतर मातिसचा बराच काळ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत गेला. निळ्या रंगाने रंगवलेले कागद कात्रीने कापून त्याने हे शरीर रचलं. छायाप्रकाश नाही, चेहऱ्याचा तपशील नाही. निळ्या तुकड्यांमध्ये सुटलेल्या पांढऱ्या फटीच सांधे होतात, आणि शरीर वाकतं, उचललं जातं. कात्रीचा एक काप इथे रेषाही आहे आणि आकारही. ज्याला उभं राहणं कष्टाचं होतं त्याने ही उडी घडवली, हे कळल्यावर त्या निळ्या रंगातला उल्हास अधिकच भिडतो.

जाकोमेत्तीची 1960 ची उभी स्त्री माणसाच्या उंचीपेक्षा मोठी आहे, पण अंगाने इतकी कृश की भोवतालची हवाच तिला दाबत असावी. कांस्याच्या खडबडीत पृष्ठभागावर बोटांचे ठसे राहिले आहेत. मातिसची आकृती जमीन सोडते. ही पाय रोवून उभी राहते. एकाच शतकाने माणसाच्या शरीराला दिलेली ही दोन उत्तरं.

बेर्गग्रून 1996 मध्ये आपला संग्रह घेऊन बर्लिनला परतले. डिसेंबर 2000 मध्ये त्यांनी तो प्रशियन सांस्कृतिक वारसा प्रतिष्ठानाला 25 कोटी 30 लाख मार्कांना दिला. बाजारातली किंमत याच्या कितीतरी पट होती. ज्या राजवटीने या कलेला विकृत ठरवलं आणि या माणसाला देशाबाहेर जायला लावलं, तिच्याच राजधानीत ही चित्रं सर्वांसाठी खुली झाली. म्हणूनच हा दौरा मला केवळ नामवंत चित्रांची फेरी वाटत नाही. एका माणसाने आयुष्यभर मन लावून पाहिलं तर त्या पाहण्यातून साऱ्या जगाची मालमत्ता उभी राहू शकते, याचा तो पुरावा आहे.