‘जवळ येणे’ आणि ‘ओढणे’ : एका मापनाची भाषिक चिकित्सा

प्रकाशसापळ्यांच्या साहाय्याने कलिल कणांमधील परस्परक्रिया मोजण्याची पद्धती आता सुप्रतिष्ठित झाली आहे. पाण्यातील, एका मायक्रोमीटरहूनही लहान असे पॉलिस्टायरीनचे दोन गोल लेसरच्या केंद्रित किरणांनी धरावयाचे, किरण क्षणभर बंद करून ते मोकळे सोडावयाचे, त्यांच्या हालचालींचे सूक्ष्मदर्शकातून चित्रण करावयाचे, आणि अशा अनेक आवृत्तींवरून त्यांच्यामधील बलाचे अनुमान बांधावयाचे, अशी ही रीत होय. तिची थोरवी निर्विवाद आहे. विचार करावयाचा तो या अनुमानाचा.

शिकागो विद्यापीठातील लार्सन व ग्रायर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काचेच्या भिंतीपासून सुमारे ९.५ मायक्रोमीटरवरील समभारित कण अपेक्षेप्रमाणे एकमेकांपासून दूर सरले. २.५ मायक्रोमीटरवर मात्र असेच कण परस्परांजवळ आले. समभारांतही आकर्षण असते, असा निष्कर्ष यावरून निघाला.

भाषाभ्यासकाने येथे थांबावयास हवे. ‘कण जवळ आले’ हे अकर्मक वाक्य दिसले तेवढेच सांगते. ‘कणाने कणास ओढले’ हे सकर्मक वाक्य त्यावर एक कर्ता उभा करते. ‘आकर्षण’ या नामातील ‘कृष्’ धातूचा अर्थच ओढणे असल्याने हा कर्ता तेथे नकळत शिरतो.

स्क्वायर्स व ब्रेनर यांनी २००० साली कर्ताच बदलून दाखविला. भारित भिंत दोन्ही कणांस आपल्यापासून दूर ढकलते; दूर जाणाऱ्या प्रत्येक कणामुळे पाण्यात उत्पन्न होणारा प्रवाह दुसऱ्यास त्याच्याकडे वाहून नेतो. कणांमध्ये आकर्षण न मानताही त्यांचे गणित मापनाशी जुळले.

दोन भिंतींमध्ये समतोल अवस्थेत केलेल्या मापनांना हे स्पष्टीकरण लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. तेथे दुसरी शंका संभवते. अगदी जवळच्या कणांच्या प्रतिमा एकमेकींवर पडल्याने मोजलेले अंतरच किंचित चुकते, असे बाउमगार्टल व बेखिंगर यांनी २००५ साली दाखविले.

१९९७ च्या प्रयोगातील निरीक्षण खोटे नव्हते. चुकले ते क्रियापद. म्हणून प्रबंधात ‘बल मोजले’ असे लिहिण्यापूर्वी आपल्या विद्यार्थ्यांनी ‘हालचाल मोजली’ हे वाक्य लिहावे, आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत आपण कोणत्या गृहीतांवरून गेलो, ते स्पष्ट नोंदवावे.