सहा मिनिटांचे वक्तृत्व

वक्तृत्व ही ईश्वरदत्त देणगी आहे, अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. सोयीची अशासाठी की, ती मान्य केली म्हणजे वक्त्याला तयारीचे कष्ट नकोत आणि श्रोत्यालाही त्याचे दोष दाखविण्याचा अप्रिय प्रसंग नको. या समजुतीला छेद देणारा प्रयोग राल्फ स्मेडली या गृहस्थांनी अमेरिकेत केला. कॅलिफोर्नियातील सांता आना येथे, वाय. एम. सी. ए. च्या तळघरात, २२ ऑक्टोबर १९२४ रोजी त्यांनी भरविलेल्या सभेपासून ‘टोस्टमास्टर्स’ या संस्थेचा उगम धरला जातो. आज आपल्या शहरांतही तिची मंडळे भरतात.

त्यांची पद्धती काटेकोर आहे. नव्या सभासदाने पहिल्या भाषणात स्वतःची ओळख करून द्यावयाची. चौथ्या मिनिटाला हिरवा दिवा लागतो, पाचव्याला पिवळा, सहाव्याला तांबडा. एक सभासद वक्त्याचे ‘अं’, ‘म्हणजे’ यांसारखे अडखळे उद्गार मोजतो. दुसरा भाषेवर लक्ष ठेवतो. आणि शेवटी मूल्यमापक दोन-तीन मिनिटांत गुणदोष सर्वांसमक्ष सांगतो.

अशा एका मंडळात मी एका तरुणाचे पहिले भाषण ऐकले. पाठांतर चोख होते. आत्मविश्वास, संघर्ष, यश हे शब्द ठरल्या जागी ठरल्या हातवाऱ्यांनिशी येत होते. हिरवा दिवा लागला आणि त्याच क्षणी पुढचे वाक्य तो विसरला. क्षणभर तो गप्प राहिला. मग आपल्या आजीविषयी बोलू लागला. आजीला अक्षरओळख नव्हती. देवळातले कीर्तन ऐकून ती घरी आली की चुलीपुढे बसून सबंध आख्यान मुलांना सांगे. मधला दुवा आठवला नाही, तर तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत थांबे आणि पुढे जाई.

सभागृह प्रथमच स्तब्ध झाले. मूल्यमापकांनी मात्र पूर्वार्धाची प्रशंसा केली आणि उत्तरार्धातले पाच ‘अं’ दाखवून दिले. या पद्धतीची मर्यादा येथे उघड होते. जे मोजता येते तेच ती नेमके पकडते. भाषणाला प्राण कोठे आला, हे ओळखण्यास रसिकता लागते. आणि ती घड्याळाच्या आवाक्यातली नव्हे.

कीर्तनकाराची पूर्वतयारी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पूर्वरंगात तो सिद्धान्त मांडतो. उत्तररंगातील आख्यानाने त्यास दृष्टान्ताचे बळ देतो. दोहोंचा सांधा न जुळल्यास नुसता कंठ त्याला तारीत नाही. त्या तरुणापाशी आख्यान अस्सल होते. पूर्वरंग मात्र उसना होता. आजीपासूनच आरंभ करून, ऐकलेले सांगता येणे हीही विद्या आहे, एवढा एकच विचार त्याने मांडला असता, तर सहा मिनिटे पुरून उरली असती.

तथापि एवढ्यावरून त्या मंडळास हसण्याचा अधिकार आपणांस नाही. उत्सवप्रसंगी आपल्या सभामंडपात पाहुणे तासभर विषय सोडून बोलतात. आपण हार घालतो, श्रीफळ देतो आणि टीका करतो ती बाहेर पायऱ्यांवर चपला शोधताना. ज्याने ती ऐकावयास हवी, तो तेव्हा मोटारीत बसून गेलेला असतो. मंडळातल्या मूल्यमापकाची दृष्टी अपुरी असेल, पण तो जे बोलला ते वक्त्यासमोर बोलला. आणि तो तरुण पुढल्या खेपेस पुन्हा उभा राहणार आहे.

देवस्थानच्या चालकांनी येत्या उत्सवात गावातील चार मुलांना प्रत्येकी सहा मिनिटे बोलावयास द्यावी. शेजारी एखादा जुना, जाणता श्रोता बसवावा. त्याने ‘अं’ मोजू नयेत. मुलाचे बोलणे कोठे खरे झाले, एवढेच त्याला सर्वांदेखत सांगावे.